पायातील जोडा : त्याचा इतिहास आणि त्याची निगा

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा समितीचा निरोप आला, तेव्हा समितीच्या मनात चवदार तळे असणार हे आम्ही ओळखले. रायगड जिल्ह्यात राहून, इतिहास शिकवून, दुसऱ्या विषयाकडे वळणे अवघडच. तरीही या वेळी आम्ही निवडलेला विषय आहे चामड्याचे बूट आणि त्यांची निगा. वाचकांना हा विषय स्मरणिकेच्या मानाने किरकोळ वाटेल. शेवटपर्यंत वाचल्यावर तो चवदार तळ्यापासून फार दूरचा नाही, हे ध्यानी येईल अशी आमची समजूत आहे.

या विषयाचे निमित्त दुहेरी आहे. पहिले निमित्त व्यावहारिक. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास आमच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याचा फोन येतो. मुलाखतीसाठी किंवा लग्नासाठी घेतलेला चांगला जोडा कपाटातून काढला, तर त्यावर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली. आता काय करावे? शाळेत असताना शनिवारच्या संध्याकाळी आम्ही सर्वांना बूट-पॉलिश करायला बसवीत असू, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे येतो.

दुसरे निमित्त एका प्रश्नाचे आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी एका विद्यार्थ्याचे आजोबा त्याला भेटायला आले होते. व्हरांड्यात ओळीने बसलेली मुले, पुढे जुनी वर्तमानपत्रे, हातांत ब्रश, बोटे काळी झालेली. आजोबा बराच वेळ उभे राहून पाहत होते. मग आमच्याजवळ येऊन म्हणाले, “गुरुजी, आमच्या आज्यानं ढोरं ओढायची सोडली, ती महाडचा शब्द ऐकून. आन् तुमी आमच्या पोरांना परत चामड्यालाच बसवलंत?”

आम्ही एम. ए. इतिहासाचे. पण त्या क्षणी आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले ते उत्तर आहे.

चामडे आणि माणसांची उतरंड

आजोबांच्या प्रश्नामागे शतकांचा अनुभव होता. गावगाड्यात मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम महारांकडे होते. कातडे कमावण्याचे काम ढोरांकडे, आणि कमावलेल्या कातड्याच्या वहाणा, मोटा, पखाली शिवण्याचे काम चांभारांकडे. एकाच कातड्याचा हा प्रवास तीन जातींच्या हातांतून होई; तिघेही अस्पृश्य, आणि तिघांमध्येही पुन्हा वर-खाली. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे याहून उघड उदाहरण मिळणे कठीण. कातडे सोलणारा हात, कमावणारा हात आणि शिवणारा हात एकमेकांच्या हातचे पाणी पीत नसत. आणि त्यांच्या श्रमाने तयार झालेली वहाण मात्र सारा गाव पायांत घालीत असे.

त्यातही विपरीत असे, की महाराष्ट्रातील अनेक गावांत अस्पृश्याने सवर्णांच्या आळीतून जाताना पायांतील वहाण काढून हातात घ्यावी, असा दंडक होता. ज्याने वहाण शिवली त्यालाही ती घालून गावातून चालण्याची मुभा नव्हती. पायांत जोडा असणे हा मानाचा प्रश्न होता आणि तो मान जन्मावरून ठरत असे.

हा दंडक सर्वप्रथम मोडला तो लष्कराने. पलटणीतील शिपायाला गणवेशाबरोबर बूट मिळत आणि ते चकचकीत ठेवण्याची सक्ती असे. कोकणातील महार समाजाला या चाकरीने बरेच काही दिले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झालेले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह दापोलीला राहिले. गणवेश, कवायत, अक्षरओळख आणि ताठ मान हे पलटणीतून घराघरांत आले. त्यामुळेच १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा समाजाच्या उन्नतीची एक मोठी वाट बंद झाली.

पुढे १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. चवदार तळ्याचे पाणी आपण सर्व जाणतो. परंतु त्याच परिषदेत मृत मांस खाणे सोडावे, हीनपणाची भावना टाकावी, असा उपदेश बाबासाहेबांनी केला; आणि आपली मेलेली जनावरे स्पृश्यांनी स्वतःच पुरावीत, असे आवाहनही परिषदेने केले. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला परिषद भरली, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना पेहराव कसा असावा, स्वच्छ व नीटनेटके कसे राहावे हेही सांगितले. अंगावरचा कपडा आणि पायांतील वहाण हा त्यांच्या दृष्टीने क्षुल्लक विषय नव्हता. आज चौकाचौकांत उभ्या असलेल्या त्यांच्या पुतळ्याकडे खाली वाकून पाहावे. पायांत बूट आहेत.

मेलेल्या जनावराबाबतचे ते आवाहन पुन्हा एकदा वाचावे. ज्याचे जनावर त्याने पुरावे. म्हणजे प्रश्न चामड्याला हात लावण्याचा नव्हता. दुसऱ्याचे काम जन्माने माझ्यावर का लादले, हा प्रश्न होता. या सूत्राकडे आम्ही शेवटी परत येऊ. त्याआधी ज्या वस्तूची निगा राखायची ती वस्तू काय आहे, ते पाहू.

कातड्याचे चामडे कसे होते

जनावराचे कच्चे कातडे ओले ठेवले तर कुजते, वाळवले तर लाकडासारखे कडक होते. त्यात प्रथिनांचे बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. या प्रथिनाला कोलॅजन म्हणतात. हे तंतू कुजू नयेत, लवचीक राहावेत म्हणून त्यांच्यावर जी प्रक्रिया करतात, तिला कातडे कमावणे म्हणतात. कमावलेल्या कातड्याला आपण चामडे म्हणतो.

कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली वनस्पतींची. हिरडा, बाभळीची साल यांत तुरट द्रव्य असते. त्या द्रव्याच्या पाण्यात कातडे कित्येक दिवस, कित्येक आठवडे मुरवतात. तुरट द्रव्य तंतूंना चिकटते आणि कातडे टिकाऊ होते. हिरडा सह्याद्रीच्या रानात भरपूर. कोल्हापुरी चपलेचे चामडे पूर्वापार याच रीतीने तयार होत आले. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. तिच्यात फार थोडा वेळ लागतो आणि चामडे मऊ, पातळ, पाण्याला अधिक टिकणारे होते. आज दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक बुटांचा वरचा भाग असा कमावलेला असतो.

दोन्ही रीतींत शेवटी चामड्यात तेल किंवा चरबी मुरवतात. तंतू एकमेकांवर घासू नयेत म्हणून ही स्निग्धता लागते. बुटाला भेगा पडतात त्या स्निग्धता संपल्यामुळे. निगा राखणे याचा अर्थ इतकाच, की चामड्यातील स्निग्धता जाऊ द्यायची नाही, पाणी साठू द्यायचे नाही आणि मळ राहू द्यायचा नाही.

आपल्या किनाऱ्यावर जोडा का बिघडतो

पुण्यात किंवा नागपुरात जो जोडा सहज आठ-दहा वर्षे टिकतो, तो अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडे दोन-तीन वर्षांत जातो. दोष दरवेळी जोड्याचा नसतो. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण दमट हवा. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला हवे तसे वातावरण मिळते. किनाऱ्यावर पावसाळ्यात ती याहून पुष्कळ वर असते. बुरशीचे बीज हवेत सदैव असतेच. त्याला ओल आणि खाद्य मिळण्याचाच अवकाश. घाम, धूळ, जुने पॉलिश आणि चामड्यातील चरबी हे तिचे खाद्य.

दुसरे कारण खारे वारे. समुद्राकाठी मिठाचे अतिसूक्ष्म कण वाऱ्याबरोबर येऊन वस्तूंवर बसतात. मांडव्याहून लाँचने मुंबईला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या बुटांवर पांढऱ्या रेषा दिसतात, त्या याच मिठाच्या. मीठ हवेतील ओल ओढून घेते. म्हणून मीठ बसलेला बूट वाळला तरी पुन्हा दमट होतो. शिवाय पाणी सुकते तेव्हा मिठाचे स्फटिक चामड्याच्या छिद्रांत राहून त्याला खरखरीत करतात.

तिसरे कारण आपली घाई. भिजलेला बूट चुलीजवळ, इस्त्रीने किंवा कडक उन्हात वाळवण्याची सवय. ओल्या चामड्याला जास्त उष्णता लागली की त्याचे तंतू आकसतात आणि ते कायमचे कडक होते. असा बूट पुढे कितीही पॉलिश केला तरी पूर्ववत होत नाही.

निगा : रोजची, आठवड्याची, पावसाळ्याची

रोजची निगा अगदी साधी आहे. घरी आल्यावर नाडी सैल करून, हाताने टाच धरून बूट काढावा. एका पायाने दुसऱ्या पायाच्या टाचेवर दाब देऊन बूट काढला की टाचेमागचा ताठ भाग मोडतो. मग कोरड्या ब्रशने किंवा फडक्याने धूळ झाडावी. दिवसभरात पायाला येणारा घाम बुटाच्या आत मुरलेला असतो. तो निघून जायला एक संपूर्ण दिवस लागतो. म्हणून ज्याला जमेल त्याने दोन जोड ठेवून आलटून पालटून वापरावेत. रोज वापरलेल्या एका जोडापेक्षा असे दोन जोड मिळून दुपटीहून अधिक टिकतात, असा आमचा अनुभव आहे. ज्याच्याजवळ एकच जोड आहे त्याने रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवावेत. कागद ओल शोषतो आणि बुटाचा आकारही राखतो.

आठवड्यातून एकदा पॉलिश. क्रम महत्त्वाचा आहे. आधी नाड्या काढाव्यात, म्हणजे बुटाची जीभही स्वच्छ होते. मग धूळ पूर्ण झाडावी; धुळीवर पॉलिश चोळले तर बारीक वाळू चामड्यावर घासली जाते. तळ आणि वरचा भाग जिथे शिवलेला असतो, त्या खाचेत वाळू बसते. ती जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढावी. नंतर किंचित ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन, पॉलिश लावावे.

पॉलिश दोन प्रकारचे मिळते. क्रीमसारखे असते ते चामड्याला स्निग्धता देते. पत्र्याच्या चपट्या डबीत मिळणारे घट्ट पॉलिश, म्हणजे चेरी ब्लॉसम किंवा किवी, हे मेणाचे असते. मधमाशीचे मेण, ब्राझीलमधील एका ताडजातीच्या पानांवरचे मेण, असे पदार्थ अशा पॉलिशमध्ये वापरतात. मेण चकाकी देते आणि पाणी थोडे अडवते, पण चामड्याचे पोषण करत नाही. म्हणून महिन्यातून एकदा आधी क्रीम आणि मग मेण, इतर वेळी नुसते मेण, असा क्रम ठेवावा. पॉलिश फडक्याच्या टोकावर जेमतेम लागेल इतकेच घ्यावे. मुले डबीत ब्रश बुडवून थर देतात. तो थर वाळल्यावर तडकतो. लावल्यावर दहा मिनिटे थांबावे, मग ब्रश फिरवावा आणि शेवटी मऊ सुती फडक्याने पुसावे. स्पंज लावलेल्या बाटलीतील पातळ पॉलिश घाईच्या दिवशी उपयोगी पडते. पण रोज वापरले तर त्याचा चकचकीत पापुद्रा बसतो, त्याखाली चामडे कोरडे पडत जाते.

आपल्याकडे बुटाला खोबरेल तेल चोळण्याची पद्धत आहे. पॉलिशच्या बुटाला ते लावू नये. तेल खोल मुरते, चामडे ढिले आणि डागाळलेले होते, धूळ चिकटते आणि पावसाळ्यात बुरशीला मेजवानी मिळते.

मिठाच्या पांढऱ्या रेषांसाठी गोड्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून, त्यात फडके भिजवून घट्ट पिळून पुसावे. सावलीत वाळू द्यावे आणि मग क्रीम लावावे. बूट पूर्ण भिजला असेल तर आतील सुटा तळ काढून, कागदाचे बोळे भरून, आडवा करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. बोळे दर काही तासांनी बदलावेत. वाळायला दोन दिवस लागले तरी लागू द्यावेत.

बुरशी चढली असेल तर घाबरू नये. बूट घराबाहेर न्यावा, नाकाला फडके बांधावे आणि वेगळ्या ब्रशने बुरशी झाडावी. पॉलिशचा ब्रश वापरला तर बुरशी दुसऱ्या बुटांवर जाते. औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडके ओलसर करून पुसावे. आधी आतल्या न दिसणाऱ्या भागावर लावून रंग जातो का ते पाहावे. दिवा, देवळी, गॅस यांच्याजवळ हे काम करू नये. स्पिरिट पेट घेते. मग बूट चांगला वाळवून क्रीम लावावे.

पावसाळ्यापूर्वी, मेअखेरीस, चामड्याचे जोडे स्वच्छ करून, पूर्ण वाळवून ठेवावेत. मळका बूट ठेवला तर बुरशी ठरलेलीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. ओल आतच कोंडते. जुन्या सुती कापडाची पिशवी उत्तम. जमिनीवर किंवा पावसाच्या बाजूच्या भिंतीला लागून ठेवू नये. कपाटाच्या वरच्या खणात ठेवावे. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून पिशवीत टाकाव्यात. आठवड्यातून एकदा उघडीप पाहून जोडे बाहेर वाऱ्यावर काढावेत. पावसात वापरायला रबरी किंवा प्लॅस्टिकची पादत्राणे घ्यावीत. कार्यालयात बूट घालणे आवश्यक असेल तर ते पिशवीतून न्यावेत आणि तिथे पोहोचून घालावेत. यात कमीपणा काही नाही.

विकत घेताना आणि दुरुस्त करताना

आई-वडील पुष्कळदा मुलाच्या मुलाखतीसाठी महागाचा बूट घेतात आणि ‘पुढेही कामाला येईल’ म्हणून खोक्यात जपून ठेवतात. दोन-तीन वर्षांनी काढला तर तळ भुगा होऊन गळतो. दुकानदाराने फसवले, अशी समजूत होते. खरे कारण वेगळे असते. आजच्या बहुतेक हलक्या बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील ओल हळूहळू त्याची रासायनिक बांधणी तोडते. न वापरता ठेवला तरी तो तुटतो; किनाऱ्यावर अधिक लवकर तुटतो. कृत्रिम चामड्याच्या पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात तेही याच कारणाने. असा बूट जपून ठेवू नये, वापरावा.

दीर्घकाळ टिकणारा जोडा हवा असेल तर वरचा भाग खऱ्या चामड्याचा आणि तळ शिवलेला आहे का, ते पाहावे. शिवलेला तळ झिजला की मोची तो उसवून नवा बसवू शकतो. टाच एका बाजूने झिजू लागताच पट्टी मारून घ्यावी. वेळेवर केलेली छोटी दुरुस्ती पूर्ण जोडा वाचवते.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट थोडी निराळी. तिचे चामडे जाड, वनस्पतींनी कमावलेले आणि तिची शिवण चामड्याच्याच वादीची. पाणी तिचे वैरी आहे. पावसात ती फुगते आणि उसवते. नवी चप्पल कडक वाटली तर पट्ट्यांना एरंडेल तेलाचे दोन-चार थेंब चोळावेत. तिच्यावर पॉलिशचा थर नसल्याने ते चालते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांना. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन सोहळ्यात अगदी तशाच चपला मांडल्या, तेव्हा मूळ कारागिरांचे नाव नसल्याबद्दल महाराष्ट्रात नाराजी उमटली आणि कंपनीला भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य करावे लागले. ज्या हातांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या कलेची नक्कल जगाने केली. हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

याच कारणाने बाबासाहेबांची एक अर्पणपत्रिकाही आम्ही वर्गात सांगतो. ‘द अनटचेबल्स’ हा त्यांचा १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. रविदास म्हणजे आपण ज्यांना संत रोहिदास म्हणतो ते. जोडे शिवून पोट भरणारे.

विनयपिटकातील जोडा

बौद्ध वाङ्मयात पादत्राणांवर एक संपूर्ण प्रकरण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विनयपिटकातील महावग्गात ‘चम्मक्खंधक’ नावाचा भाग आहे. त्यात सोण कोळिविस या भिक्खूची कथा येते. मोठ्या श्रीमंत घरचा हा तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या नाजूक पायांतून रक्त वाहू लागले. भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचे उदाहरण दिले. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. पुढे त्याला एका तळाची पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घ्यायचे नाकारले. संघातील सर्वांना मिळाली तरच मी वापरीन, असे तो म्हणाला. तेव्हा बुद्धांनी ती सर्व भिक्खूंना दिली.

त्याच प्रकरणात दुसरा सोण येतो, अवंतीचा सोण कुटिकण्ण. आपले गुरू महाकच्चान यांच्या वतीने तो भगवंतांना विनंती करतो, की आमच्याकडची जमीन काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी उखणलेली आहे. तेव्हा तिथे अधिक जाड पादत्राणांची सवलत असावी. ती सवलत मिळाली. जमीन जशी तसा जोडा, आणि जोडा मिळायचा तर सर्वांना, ही दोन तत्त्वे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाने मान्य केली होती. आपल्या समाजात वहाण जन्मावरून ठरत आली. संघात ती पायावरून आणि जमिनीवरून ठरली.

आमची चूक आणि वसतिगृहाचा नियम

आता एक कबुली. सेवेच्या पहिल्या वर्षांत आम्ही वसतिगृहातच राहत होतो. सातवीतील एक मुलगा रोज पहाटे आमचे बूट पुसून दारात ठेवी. आम्ही त्याला सांगितले नव्हते. पण नकोही म्हटले नाही. ती गुरुभक्ती आहे, असे आम्ही मनाशी धरून चाललो. एक दिवस वेठबिगार शिकवताना त्याच मुलाने निरागसपणे विचारले, “सर, न सांगता केलं आणि पैसे नाही मिळाले, तर ती वेठ होते का?” वर्गात कोणी हसले नाही. आम्हीही उत्तर दिले नाही. ज्याच्या त्याच्या जनावराचे ज्याने त्याने पाहावे, हा महाडचा आग्रह आम्ही दरवर्षी शिकवीत होतो, आणि आमचे बूट मात्र दुसऱ्याच्या मुलाने पुसलेले घालीत होतो.

त्या आठवड्यापासून शनिवारचा नियम सुरू झाला. ज्याचा जोडा त्याने पुसायचा. मोठ्या मुलाने लहानाकडून करून घ्यायचे नाही. शिक्षकांनीही त्याच ओळीत, त्याच जमिनीवर बसायचे. सर्वांत लहान मुलांना शिकवायचे, पण त्यांचे काम आपण करायचे नाही. ज्याच्याकडे बूट नाही त्याने आपली चप्पल धुवायची. रिकामे कोणी बसायचे नाही.

आजोबांना हे सारे आम्ही पुढच्या भेटीत सांगितले. परिषदेचे ते आवाहन सांगितले, आमची चूकही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. स्वतःच्या पायांतील रबरी चपलेकडे पाहून म्हणाले, “हिला पालिश लागत नाय, म्हणून मी सुटलो.” मग जरा थांबून म्हणाले, “पन गुरुजी, एक शिकवायचं राहिलंय. एस्टी स्टँडवर मोच्याफुडं लोक पायानं जोडा सरकवतात. आपल्या पोरांना सांगा, जोडा हातात द्यायचा. आन् सांगंल तो पैसा द्यायचा.”

आमच्या नियमांत ती उणीव होती. त्या शनिवारी आम्ही ती भरून काढली. मोच्याला काका म्हणायचे, जोडा हाताने उचलून त्यांच्या हातात द्यायचा, रापी आणि आरी कशी चालते ते बसून पाहायचे आणि घासाघीस करायची नाही. निगा राखण्याच्या सर्व रीतींमध्ये ही रीत आम्ही आता सर्वांत आधी सांगतो.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. मे महिना संपण्यापूर्वी कपाटातील जोडे बाहेर काढा, स्वतः झाडा, स्वतः पुसा. घरात लहान मुले असतील तर त्यांना शेजारी बसवा. घरकामाला येणाऱ्या ताईंना ते काम सांगू नका. आणि स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेत याल, तेव्हा शनिवारची संध्याकाळ गाठा. व्हरांड्यात जागा आहे, ब्रश आम्ही देऊ.

जय भीम!